रुमाल (वस्त्र)

रुमाल हे डोक्याला बांधण्याचे, गळ्यात घालण्याचे किंवा खांद्यावर टाकण्याचे न शिवलेले सुती वस्त्र आहे. ते चौरस किंवा आयताकृती असते. शहरी बोलण्यात रुमाल म्हणजे खिशातला हातरुमाल. ग्रामीण महाराष्ट्रात, आणि विशेषतः खानदेशात, या शब्दाने घराबाहेर पडताना अंगावर घेतले जाणारे मोठे फडके अभिप्रेत असते. ऊन व धूळ यांपासून बचाव करणे, घाम पुसणे, ओझे वाहणे, शिदोरी बांधणे, पाणी गाळणे आणि जखम बांधणे अशा अनेक कामांसाठी ते वापरले जाते. पाश्चात्त्य देशांत बंडाना या नावाने ओळखले जाणारे चौकोनी वस्त्र याच वर्गातील असले, तरी आकाराने लहान असते.

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात शेती, मिरचीचा व्यापार, वनोपज आणि हंगामी स्थलांतर यांवर मोठ्या लोकसंख्येची उपजीविका चालते. या उघड्यावरच्या कामांमुळे तेथे रुमालाचे बहुतेक सर्व उपयोग एकत्र पाहावयास मिळतात. त्याच्या मर्यादाही तेथेच स्पष्ट होतात.

नावे व व्युत्पत्ती

रुमाल हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्यातील 'रू' म्हणजे चेहरा व 'माल' म्हणजे पुसणारे; यावरून चेहरा पुसण्याचे कापड असा मूळ अर्थ होतो. मराठीत हा अर्थ विस्तारला आणि डोक्याला गुंडाळण्याच्या वस्त्रासही रुमाल म्हटले जाऊ लागले. या वस्त्राशी मिळत्याजुळत्या वस्त्रांची नावे प्रदेशानुसार बदलतात. खांद्यावर घेण्याच्या वस्त्राला उपरणे, अंग पुसण्याच्या आखूड वस्त्राला पंचा, मराठवाड्यात दस्ती आणि विदर्भात दुपट्टा अशी नावे रूढ आहेत. हिंदीतून आलेला गमछा हा शब्दही आता सर्वत्र वापरला जातो. नंदुरबारला लागून असलेल्या गुजरातेत डोक्याला बांधण्याच्या वस्त्रास फाळियुं म्हणतात.

बंडाना हा शब्द मूळचा भारतीय आहे. कापडाला गाठी बांधून ते रंगवण्याच्या पद्धतीस हिंदीत बांधनू म्हणतात. त्यावरून तो अठराव्या शतकात इंग्रजीत गेला. ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून रंगीत रेशमी रुमाल युरोपात नेत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे लाल सुती कापडावर पांढरे ठिपके उठवून त्यांची नक्कल होऊ लागली. पुढे अमेरिकेतील गुराखी, खाणकामगार व रेल्वे कामगार यांच्या वेशात बंडाना रूढ झाला.

मराठीत रुमाल शब्दाला दप्तरी अर्थही आहे. जुने कागद चौकोनी कापडात बांधून ठेवण्याच्या पद्धतीमुळे अशा गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराची मोडी कागदपत्रे आजही रुमालांच्या हिशेबाने ओळखली जातात. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड अशाच रुमालांतील निवडक कागदांवर आधारलेले आहेत.

स्वरूप

डोक्याला बांधण्याचा रुमाल साधारणपणे एक मीटर किंवा त्याहून मोठ्या बाजूचा असतो. उपरण्यासारखा लांबट प्रकार सुमारे पाऊण मीटर रुंद व दीड ते दोन मीटर लांब असतो. कापड साध्या विणीचे व पातळ असते. पांढरा रंग सर्वाधिक रूढ असून चौकटीचे व रंगीत काठांचे रुमालही वापरात आहेत.

या वस्त्राची उपयुक्तता तीन गुणांवर अवलंबून असते. पहिला गुण म्हणजे त्याला शिवण नसते. शिवलेल्या कपड्याचा आकार ठरलेला असतो. रुमालाला मात्र घडी, गाठ किंवा पीळ देऊन हवा तो आकार देता येतो आणि काम संपल्यावर तो पुन्हा सपाट होतो. दुसरा गुण सुती धाग्याचा आहे. सुती धागा सामान्य हवेतील ओलावा स्वतःच्या वजनाच्या सात ते आठ टक्क्यांपर्यंत शोषतो, तर पॉलिएस्टरचा धागा अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषतो. तिसरा गुण पातळ विणीचा. सोलापुरी टेरी टॉवेलसारखे फासेदार कापड अधिक पाणी टिपते, परंतु ते जड असते व लवकर वाळत नाही. पातळ रुमाल धुऊन उन्हात टाकल्यास थोड्या वेळात पुन्हा वापरता येतो.

नंदुरबार जिल्ह्यातील पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, धानका हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. दक्षिणेकडे तापीचे सपाट, सुपीक खोरे आणि उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा अशी जिल्ह्याची रचना आहे. उन्हाळ्यात तापीखोऱ्यातील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. सातपुड्यातील पाडे विरळ व चढउताराच्या भागांत वसलेले असल्याने पायी प्रवास बराच करावा लागतो.

उपयोग

उन्हापासून बचाव

डोके, कान व मान झाकली जातील अशा रीतीने रुमाल बांधल्यास थेट ऊन त्वचेवर पडत नाही. डोक्याभोवतीच्या सैल थरांत अडकलेली हवा उष्णतेला काही प्रमाणात अडवते. रुमाल ओला केल्यास बाष्पीभवनामुळे गारवा मिळतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तिचा काही भाग शरीरातून घेतला जातो. खानदेशातील मार्च ते मे या काळातील कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते व ओल्या रुमालाचा लाभ घटतो.

उष्माघात झालेल्या व्यक्तीस सावलीत आणून अंगावरील जाड कपडे काढावेत, भिजवलेले रुमाल अंगावर टाकावेत व वारा घालावा. कापड कोरडे होताच पुन्हा भिजवणे आवश्यक असते. व्यक्ती बेशुद्ध असल्यास किंवा असंबद्ध बोलत असल्यास तोंडात पाणी घालू नये. अशा अवस्थेत थंडावा देणे सुरू ठेवून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेद्वारे रुग्णालय गाठणे हाच उपाय असतो.

धूळ आणि मिरचीचा खाट

नंदुरबार हे लाल मिरचीच्या देशातील मोठ्या बाजारांपैकी एक आहे. हिवाळ्यात शेतकरी ओली लाल मिरची बाजार समितीत आणतात. व्यापारी ती शहराबाहेरील मोकळ्या जागांवर वाळत घालतात. या जागांना पथारी म्हणतात. पथारीवर मिरची पसरणे, उलटणे, निवडणे व तिचे देठ खुडणे ही कामे मजूर, त्यांतही मोठ्या संख्येने स्त्रिया, करतात. मिरचीतील कॅप्सायसिन या द्रव्यामुळे डोळे, नाक व घसा यांची आग होते आणि शिंका व खोकला येतो. यावर नाकातोंडावर रुमाल बांधणे हा तेथील सर्वांत जवळचा उपाय होय.

कापडाचे दोन-तीन पदर मोठे कण अडवतात. अतिसूक्ष्म धूळ मात्र त्यातून आत जाते. कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नसल्याने नुसत्या पाण्यात बुचकळून रुमाल स्वच्छ होत नाही, त्याला साबण लावावा लागतो. कामावर तोंडाला बांधलेल्या रुमालाने डोळे पुसल्यास आग वाढते. म्हणून पुसण्यासाठी दुसरे फडके ठेवणे हिताचे असते.

एप्रिल २०२० मध्ये कोविड-१९च्या साथीच्या काळात घरगुती कापडी मुखपट्टी वापरण्याची शिफारस करण्यात आली, तेव्हा रुमाल व गमछा यांचा वापर देशभर वाढला. दुचाकीवरून प्रवास करताना चेहरा झाकण्यासाठी विद्यार्थिनी व नोकरदार स्त्रिया वापरतात तो स्कार्फ हेही याच वापराचे शहरी रूप आहे.

ओझे वाहणे

डोक्यावर हंडा, लाकडाची किंवा उसाची मोळी घेण्यापूर्वी रुमालाला पीळ देऊन त्याचे गोल वेटोळे केले जाते. यास चुंबळ म्हणतात. डोक्याचा माथा गोलाकार असल्याने कठीण वस्तूचा भार एका लहान जागेवर येतो. चुंबळीमुळे तो अधिक पृष्ठभागावर विभागला जातो आणि भांडे डळमळत नाही. दिवाळीनंतर जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत व राज्याच्या इतर भागांत जातात. त्या कामात रुमाल डोक्यावर चुंबळ, पात्याच्या धारेपासून मानेचे रक्षण करणारे आवरण आणि घाम पुसण्याचे फडके अशा तिन्ही रूपांत वापरला जातो.

चारही कोपरे एकत्र बांधले की रुमालाचे गाठोडे होते. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात पहाटे झाडाखाली पडलेली मोहफुले वेचली जातात. टोपली हाताशी नसेल तेव्हा ती अशा गाठोड्यातून घरी आणता येतात. समोरासमोरचे दोन कोपरे खांद्यावर बांधून केलेल्या खोळीत चारोळी, डिंक किंवा भाजीपाला ठेवता येतो व दोन्ही हात मोकळे राहतात. स्त्रिया हीच कामे पुष्कळदा पदर किंवा ओढणीने करतात.

अन्न व पाणी

ज्वारी, बाजरी किंवा मक्याची भाकरी रुमालात बांधून शेतावर नेण्याची पद्धत जुनी आहे. सुती कापड भाकरीची वाफ शोषून बाहेर सोडते. त्यामुळे बंद डब्यात भाकरी ओलसर होते तशी ती होत नाही.

उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असलेल्या भागांत कोरड्या नदीपात्रात झिरे खणून पाणी भरले जाते. असे गढूळ पाणी कापडातून गाळून घेतले जाते. कापडाच्या गाळणीचे महत्त्व नारू निर्मूलनाच्या मोहिमेत सिद्ध झाले. नारूचे जंतू पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या शरीरात असतात आणि बारीक विणीच्या कापडात सायक्लॉप्स अडकतात. पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बदलणे व पाण्यावर औषध टाकणे या उपायांनी भारत फेब्रुवारी २००० मध्ये नारूमुक्त घोषित झाला. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. बांगलादेशात रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आल्याचे आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात व त्यांच्यासह कापडात अडकतात, हे त्याचे कारण होय. वारंवार धुतलेल्या जुन्या कापडाचे धागे फुगून छिद्रे लहान होतात, म्हणून नव्या कापडापेक्षा जुने कापड चांगले गाळते. सुटे जंतू, विषाणू आणि विरघळलेली रसायने मात्र कापडाने निघत नाहीत. गाळल्यानंतर पाणी उकळणे किंवा क्लोरिनने शुद्ध करणे आवश्यक असते.

प्रथमोपचार

प्रथमोपचारातील त्रिकोणी पट्टी ही मूलतः कर्णावर कापलेला किंवा दुमडलेला चौरस रुमालच होय. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश फॉन एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैनिकांसाठी तिचा प्रसार केला. स्काउट व गाईड यांच्या गणवेशातील स्कार्फही गरज पडल्यास पट्टी म्हणून वापरता येतो.

सुमारे एक मीटर बाजूच्या रुमालाची त्रिकोणी घडी करून दुखावलेला हात गळ्यात अडकवता येतो. मोडलेल्या हाडाशेजारी काठी किंवा फळी ठेवून ती रुमालाच्या पट्ट्यांनी बांधल्यास अवयवाची हालचाल थांबते. वाहत्या रक्तावर स्वच्छ रुमालाची जाड घडी ठेवून सतत दाब देणे हा रक्तस्राव थांबवण्याचा पहिला उपाय आहे. घडी रक्ताने भिजली तरी ती न काढता तिच्यावर दुसरी ठेवतात. भाजलेल्या जागेवर आधी सुमारे २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तेथे रुमाल घट्ट गुंडाळू नये.

अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णांना आणि गर्भवतींना बांबूला बांधलेल्या झोळीतून मुख्य रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या घटना घडल्या आहेत. अशा झोळीसाठी रुमाल पुरत नाही. तिला जाड चादर, सतरंजी किंवा घोंगडी लागते. माणसाचा भार रुमालाच्या गाठीवर सोपवल्यास कापड फाटण्याचा किंवा गाठ सुटण्याचा धोका असतो.

सामाजिक व व्यावहारिक वापर

लग्न व इतर मंगल प्रसंगी आप्तांना टॉवेल-टोपी देऊन मान देण्याची प्रथा खानदेशासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आढळते. अलीकडे राजकीय पक्षांच्या रंगांतील उपरणी गळ्यात घालून पक्षप्रवेश केला जातो.

व्यापारात रुमालाचा एक वेगळा वापर होता. हत्ता पद्धतीत खरेदीदार व दलाल रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. आजूबाजूच्या खरेदीदारांना तो भाव कळत नसे, आणि बहुधा माल आणणाऱ्या शेतकऱ्यालाही कळत नसे. दलाल खरेदीदाराच्या बाजूने झुकला तर नुकसान शेतकऱ्याचे होई. नियंत्रित बाजार समित्यांमध्ये, पुढे महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ च्या चौकटीत, उघड लिलावाची पद्धत रुजल्याने शेतमालाच्या व्यवहारात ही प्रथा मागे पडली. गुरांच्या बाजारांत रुमालाखालचे सौदे नंतरही होत राहिले.

मर्यादा व धोके

रुमाल नेहमी जवळ असतो. त्यामुळेच तो जेथे पुरेसा नाही तेथेही त्याच्यावर भिस्त ठेवली जाते. यातील सर्वांत गंभीर बाब कीटकनाशक फवारणीची आहे. कापूस, मिरची व पपई ही नंदुरबारमधील महत्त्वाची पिके असून त्यांवर फवारणी होते. कीटकनाशकाची वाफ कापडातून सहज पार होते. फवाऱ्याचे तुषार रुमालात शोषले जातात आणि ते विष नाकातोंडाशी व त्वचेशी दीर्घकाळ टिकून राहते. अशा वेळी ओला रुमाल संरक्षण देण्याऐवजी विषबाधेचे साधन ठरू शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या घटनेनंतर संरक्षक साधनांशिवाय होणाऱ्या फवारणीचा प्रश्न राज्यभर चर्चिला गेला. फवारणीसाठी योग्य गाळणी असलेला मुखवटा, हातमोजे, चष्मा व अंगभर कपडे लागतात. फवारणीत भिजलेला रुमाल पुन्हा घाम पुसण्यासाठी किंवा भाकरी बांधण्यासाठी वापरणे धोक्याचे असते.

सर्पदंशात दंशाच्या वर रुमाल करकचून आवळण्याची समजूत अद्याप प्रचलित आहे. घट्ट आवळल्याने रक्तपुरवठा तुटून अवयव निकामी होऊ शकतो. घोणस व फुरसे यांच्या विषामुळे ऊतींची आधीच हानी होत असते. आवळल्याने ती वाढते. म्हणून भारतातील उपचार मार्गदर्शक सूचनांनुसार आवळपट्टी बांधणे, जखम कापणे व विष चोखणे हे तिन्ही प्रकार टाळावेत. दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने सैल बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला न चालवता प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. येथे रुमालाचे काम अवयव न हलू देण्यापुरतेच असते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाच्या प्रतिबंध व नियंत्रणासाठी राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली असून २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणणे हे तिचे उद्दिष्ट आहे.

मळणी यंत्र, उसाचा चरक, पंपाचा पट्टा किंवा दुचाकीचे चाक यांत गळ्यातील रुमालाचे लोंबते टोक अडकून गळफास बसू शकतो. फिरत्या यंत्राजवळ काम करताना रुमाल काढून ठेवणे किंवा त्याची टोके आत खोचणे आवश्यक असते. डोक्याला बांधलेला रुमाल अपघातात शिरस्त्राणाचे काम करत नाही.

निगा

एकच रुमाल अनेक कामांना येत असला, तरी ती सर्व कामे एकाच दिवशी एकाच रुमालाने करणे आरोग्यास घातक ठरू शकते. घामाने ओला राहिलेला रुमाल बुरशी व त्वचारोगांना कारण होतो, तर एकमेकांचा रुमाल वापरल्याने डोळे येणे, गजकर्ण यांसारखे संसर्ग पसरतात. साबणाने धुणे, कडक उन्हात वाळवणे आणि अन्न-पाण्यासाठी वेगळे फडके राखणे ही पुरेशी निगा होय. जखमेसाठी किंवा पाणी गाळण्यासाठी वापरायचे कापड उकळून घेतात. जीर्ण झालेला रुमाल शेवटी पोतेरे म्हणून किंवा गोधडीच्या थरांत वापरला जातो.

हे सुद्धा पहा

उपरणे
फेटा
चुंबळ
गोधडी
नारू
नंदुरबार जिल्हा